टोपण समेवर

चेक्सचा शर्ट शिवून आला की वडील आधी खिसा बघायचे. खिशावरची आडवी रेघ छातीवरच्या रेघेला मिळालेली असेल तर शर्ट लगेच अंगात चढायचा. सूतभर खाली-वर असेल तर काही न बोलता घडी घालून ठेवायचे, आणि पुढचा शर्ट दुसऱ्या शिंप्याकडे जायचा. कॉलर, काजं, शिलाई हे सगळं नंतर. ही खोड माझ्यात उतरली ती पेनांच्या बाबतीत. फाउंटन पेन हातात आलं की नीब कुठलं, शाई किती मावते हे विचारायच्या आधी मी ते बंद करून आडवं धरतो आणि टोपणाची कडा बघतो. टोपण संपून नळी सुरू होते त्या गोल सांध्यावरून नक्षी सरळ पलीकडे गेली आहे, की उंबऱ्याला ठेच लागावी तशी अडखळली आहे?

आज ज्या पेनाबद्दल लिहितोय त्याची नक्षी अडखळत होती. आता अडखळत नाही. मधे जी दुरुस्ती झाली तिचं हे रसग्रहण. पेन कुणीही बघू शकतं. ती दुरुस्ती बघायला पेन उघडून आत डोकवावं लागतं, आणि तरीही सांगितल्याशिवाय ती सापडत नाही.

पेन एबोनाइटचं आहे. दक्षिणेतल्या एका छोट्या कारखान्यात लेथवर हाताने कातलेलं, दोन्ही टोकांना निमुळतं, अंगठ्याएवढं जाड. शाई ड्रॉपरने थेट पोटात भरायची, जुन्या पद्धतीने. राजमहेंद्रीला के. व्ही. रत्नम यांनी १९३०च्या दशकात स्वदेशी पेनं घडवायला घेतली, त्याच वाटेवरचं हे आजचं पेन. एबोनाइट म्हणजे शेवटी रबरच. टायरच्या रबरात गंधक चिमूटभर असतं. इथे जवळजवळ तिसरा हिस्सा गंधक घालून तासन्‌तास तापवतात, आणि रबर शिंगासारखं कडक होतं. उन्हाळ्यात हाताला घाम आला की त्या गंधकाचा पुसट वास अजूनही बोटांना लागतो. या पेनासाठी तपकिरी आणि शेवाळी हिरवं अशी दोन रबरं एकमेकांत मळून मग तापवली आहेत. त्यामुळे लाटा वरून रंगवलेल्या नाहीत. सागवानाच्या रेषांसारख्या त्या कांडीच्या आरपार आहेत. अमेरिकेत वॉटरमनने १९२०च्या दशकात लाल-काळ्या लाटांची पेनं काढली, ती याच जातीची. लाटांमध्ये एक शीर आहे, गडद तपकिरी. क्लिपच्या टोकाखाली ती प्रथम दिसते, टोपणाच्या मध्यावर जोंधळ्याच्या दाण्याएवढी रुंद होते, कडेशी पुन्हा बारीक होते आणि पुढे नळीवर जाऊन दोन फाट्यांत विभागते. ती उगम पावते टोपणावर आणि फुटते नळीवर. म्हणजे पेन बंद असतानाच ती पूर्ण वाचता येते. उघडं पेन हे तिचं अर्धं वाक्य.

आणि नेमकी सांध्यावरच ती चुकत होती. टोपण वर धरून बघितलं की टोपणावरची शीर नळीवरच्या शिरेच्या उजवीकडे एक मिलिमीटरभर अडायची. एक मिलिमीटर म्हणजे काय, असं कुणी म्हणेल. दोन शिरा पाच मिलिमीटरने चुकल्या असत्या तर त्या दोन वेगळ्या शिरा आहेत असं समजून डोळा गप्प बसला असता. एका मिलिमीटरला तो गप्प बसत नाही. षड्जाच्या किंचित खाली लागलेला तंबोरा जसा पूर्ण बेसूर तंबोऱ्यापेक्षा जास्त छळतो, तसं ते होतं.

कारागिराला दोष देण्याआधी त्याच्या हातात काय असतं ते बघायला हवं. टोपण आणि नळी एकाच कांडीतून, शेजारीशेजारच्या तुकड्यांतून काढली, की नक्षी आपोआप जुळते असा माझा बरीच वर्षं समज होता. तसं होत नाही. कांडी कापताना हत्याराच्या जाडीएवढा, दोन-तीन मिलिमीटरचा भाग भुशात जातो. शिवाय नळीच्या तोंडाशी आटे असतात. पेन बंद केलं की तो सगळा भाग टोपणाच्या पोटात जातो. माझ्या पेनात हे दोन्ही मिळून सुमारे १२ मिलिमीटर होतात. म्हणजे बंद पेनावर जे दोन काठ एकमेकांना टेकलेले दिसतात, ते मूळ कांडीत एकमेकांपासून १२ मिलिमीटर दूर होते. मधली नक्षी कायमची झाकली गेली. त्यात टोपणाचा व्यास मोठा, नळीचा लहान. टोपण कांडीच्या बाहेरच्या थरातून निघतं आणि नळी जराशी आतल्या थरातून, म्हणून लाटेची जाडीही तंतोतंत तीच राहत नाही. एवढं सगळं असूनही चांगल्या कारागिराच्या पेनावर सांधा दिसत नाही, कारण त्याने ती अडचण आधीच ओळखलेली असते. लांबीच्या दिशेने जवळपास सरळ धावणाऱ्या लाटांची कांडी तो निवडतो. आडव्यातिडव्या भोवऱ्यांची कांडी टोपण आणि नळी वेगळ्या रंगांची असलेल्या पेनासाठी बाजूला ठेवतो. लेथ सुरू होण्यापूर्वीच अर्धं काम झालेलं असतं, आणि ते नजरेने केलेलं असतं.

उरलेलं अर्धं आट्यांचं. साध्या बाटलीच्या झाकणाला सहसा एकच आटा असतो, गोल जिन्यासारखा एकच वर चढत जाणारा. पेनाला तसा एकच आटा, समजा एक मिलिमीटर अंतराचा, पाडला तर टोपण काढायला पावणेचार फेरे लागतील. सही करणाऱ्या माणसाला तेवढा धीर नसतो. म्हणून एकाच नळीवर तीन आटे शेजारीशेजारी पाडतात, तीन तोंडांचे. मग एका फेऱ्यात टोपण तीन मिलिमीटर पुढे सरकतं, म्हणजे जवळजवळ एक सूत, आणि सव्वा फेऱ्यात काम होतं. फायदा स्वच्छ आहे. तोटा असा की तीन तोंडांपैकी कुठल्याही तोंडात टोपण शिरू शकतं, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या जागी, एक तृतीयांश फेऱ्याच्या फरकाने, थांबतं. गवयाने मुखडा कुठून उचलला याचा श्रोते फारसा हिशेब ठेवत नाहीत. समेवर आला की झालं. टोपणाचं उलट आहे. कुठून उचललं यावरच सम ठरते.

हे तोंड शोधायची एक युक्ती आहे, ती पेन वापरणाऱ्या प्रत्येकाने करून बघावी. टोपण नळीवर टेकवायचं आणि बंद करायच्या उलट दिशेने हलकेच फिरवायचं. एका फेऱ्यात तीनदा टोपण किंचित खाली बसल्यासारखं वाटतं, बारीक ‘टक्‌’ होतो. त्या तिनांपैकी एकच टक्‌ तुमच्या नक्षीचा. माझ्या पेनात क्लिप शिरेच्या उजवीकडे पाव फेरा असताना जो टक्‌ होतो, तो. आठवडाभरात बोटांना ते इतकं सवयीचं होतं की डोळ्यांनी बघावं लागत नाही.

काही पेनांनी हा प्रश्न आकारानेच सोडवला आहे. इटलीत बोलोन्याला आर्मांडो सिमोनी यांनी १९२५ मध्ये सुरू केलेल्या ओमासचं पॅरागॉन हे बारा पैलूंचं पेन. बारा पैलू म्हणजे दर ३० अंशांना एक. तीन तोंडांचे आटे टोपण १२० अंशांच्या फरकाने थांबवतात, आणि १२० म्हणजे बरोबर चार पैलू. चार तोंडं असली तर ९० अंश, म्हणजे तीन पैलू. एक तोंड, दोन, तीन, चार, सहा, काहीही करा. पैलूवर पैलू येणारच, एकदा आटे नीट पाडले असतील तर. दहा पैलूंचं पेन केलं असतं तर तीन तोंडांनी घात केला असता. बारा ही संख्या कुणी सौंदर्यासाठी निवडली की हिशेबासाठी, मला माहीत नाही. पण हातात घेतल्यावर दोन्ही एकच वाटतात. एक बारीक खोच मात्र राहते. ही पेनं बरीचशी सेल्युलॉइडची, आणि सेल्युलॉइडमधला कापूर वर्षानुवर्षं उडत राहतो, नळी आकसत राहते. जुन्या पॅरागॉनचे पैलू चुकताना दिसले तर कुणी वाईट घडवलं असं लगेच म्हणू नये. पेनाचं वय झालंय, एवढंच.

पार्कर ७५ चा तर हा प्रश्नच नाही. १९६४ चं ते चांदीचं, बारीक चौकड्यांचं पेन. टोपण दाबून बसतं, आटे नाहीत. चौकडी जुळवायची ती तुम्हीच, टोपण लावताना. सोपं आहे, आणि म्हणूनच त्यात मला फारशी गंमत वाटत नाही.

गंमत आहे ती जपानमध्ये. तिथे प्रश्न सगळ्यांत अवघड करून घेतलाय. १९१८ मध्ये टोकियोत र्‍योसुके नामिकी यांनी मासाओ वादा यांच्यासोबत जी पेन कंपनी काढली ती आज पायलट म्हणून ओळखली जाते. त्यांचीही पेनं एबोनाइटची होती, आणि एबोनाइटची एक वाईट सवय आहे: उजेडात आणि दमट हवेत ते विटतं, काळ्याचं भुरकट तपकिरी होतं. ते थांबवण्यासाठी नामिकींनी त्यावर उरुशीचे लेप दिले. उरुशी म्हणजे एका झाडाचा चीक. त्याला इंग्रजीतून लॅकर म्हणतात आणि त्या शब्दाच्या मुळाशी आपली लाख आहे; झाड आणि किडा यांत शब्दाने गल्लत केली, पण करू द्या. उरुशी सुकत नाही, ती दमट उबेत घट्ट होते. म्हणून लेप दिलेली पेनं ओलसर कपाटात ठेवतात. एकदा लेप आला की त्यावर सोन्याची पूड शिंपून चित्रं काढणारे हातही आले. त्या कलेला माकी-ए म्हणतात. कानाझावाचे गोन्‌रोकू मात्सुदा हे त्या हातांतले सगळ्यांत मोठे. १९३० मध्ये लंडनच्या डनहिलशी करार झाला आणि ही पेनं युरोपात गेली. १९५५ मध्ये जपानने मात्सुदांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला.

आता विचार करा. एबोनाइटची शीर निसर्गाने अर्धवट काढलेली असते. ती थोडी चुकली तर डोळा कुरकुरतो आणि पुढे जातो. पण टोपणावर बगळ्याची मान आहे आणि नळीवर त्याचं अंग आहे, आणि टोपण एका मिलिमीटरने अलीकडे थांबलं, तर बगळ्याची मान मोडते. काही चित्रकार सांध्यावर धुकं किंवा सोनेरी शिंपण ठेवतात, म्हणजे तिथे जुळवायला काही उरतच नाही. मला ती पळवाट वाटते, सुंदर पळवाट. जो सांध्यावरून गवताची एकच पाती ओढतो तो धाडसी. तोगीदाशी नावाच्या पद्धतीत तर सोन्याचं चित्र काढून त्यावर पुन्हा उरुशीचा थर देतात आणि मग कोळशाने घासत घासत चित्र थरातून वर आणतात. असं चित्र एकदा वर आलं की त्याला हात लावता येत नाही. अजून घासलं तर सोनंच जाईल. म्हणून नक्षी चुकली तर नक्षी दुरुस्त करायची नसते. टोपण कुठे थांबतं ते दुरुस्त करायचं असतं. ही गोष्ट मला उरुशीच्या पेनांबद्दल वाचताना समजली होती. पाठ होती असं म्हणा. तिचा खरा अर्थ पुण्यातल्या एका पेठेत, गल्लीच्या टोकाला, दीड फुटी टेबलासमोर बसून कळला.

पेनं दुरुस्त करणारे ते काका सत्तरीचे. मी पेन पुढे केलं, शीर दाखवली आणि माझं निदानही सांगून टाकलं: टोपणाची कड जराशी घासली की टोपण पुढे जाईल.

काकांनी भिंग लावलं. “अहो, टोपणाला हात लावायचा नाही. दुखणं पोटात आहे.”

मग त्यांनी जे केलं ते मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलं नव्हतं. टोपण लावलं, आणि टोपणाची कड व नळीची पायरी यांच्या मधून साध्या कागदाची पट्टी सरकवली. गेली. दोन पट्ट्या एकावर एक ठेवून सरकवल्या. त्याही गेल्या. म्हणजे माझी कड कुठे टेकतच नव्हती. ती कितीही घासली असती तरी टोपण तसूभर पुढे गेलं नसतं, फक्त सांधा रुंद झाला असता. मग टोपण कशाला अडत होतं? काकांनी नीबच्या खालची पकड, जिथे बोटं टेकतात तो भाग, तिच्या पुढच्या काठाला निळ्या मार्करचा पातळ थर दिला, टोपण घट्ट लावलं, काढलं. टोपणाच्या आतल्या पायरीवर निळी अंगठी उमटली होती. टोपण आतून, पकडीच्या काठावर अडत होतं. आणि ते तसंच अडायला हवं, कारण त्या अंगठीनेच नीब हवाबंद होतं. कड टेकायला लागली आणि ती अंगठी सुटली, तर नक्षी सुरेख जुळेल आणि रोज सकाळी नीब वाळलेलं मिळेल. पेन दिसायला सुधारून लिहायला बिघडवण्याचा हा राजमार्ग आहे. निदान निळ्या शाईच्या एका वर्तुळात झालं, आणि त्यासाठी पेनाचा कणभरही भाग खर्ची पडला नाही.

आता हिशेब. कडेचा व्यास १४ मिलिमीटर. त्या परिघावर १० अंश म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास, तेवढीच शीर चुकत होती. टोपण एका फेऱ्यात तीन मिलिमीटर पुढे जातं. म्हणून १० अंश पुढे न्यायचं तर लांबीच्या दिशेने ०.०८ मिलिमीटर जागा हवी. झेरॉक्सच्या कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर असते. म्हणजे बाहेर डोळ्यांना जे सव्वा मिलिमीटर दिसतं, त्याचं मूळ आत कागदाहूनही पातळ आहे. आटा हा असा गुणाकार करणारा प्राणी आहे. तो दोष वाढवून दाखवतो, म्हणूनच लहानशा उपायाने तो ऐकतोही.

पण हा कागदाएवढा थर घासायचा कुठून? टोपणाची आतली पायरी खोल. तिथे हत्यार सरळ धरता येत नाही. पकडीचा काठ रोज दिसतो, आणि शाई तिथेच साचते. तो खरबरीत झाला तर बोटं निळी. काकांनी तिसरी जागा निवडली, आणि इथे मी मनातल्या मनात हात जोडले. पकड नळीच्या तोंडात आट्यांनी बसते. नळीचं ते तोंड, पकडीच्या खांद्याखाली झाकलेला तो गोल काठ, तेवढाच त्यांनी घासायचं ठरवलं. नळीचं तोंड ०.०७५ मिलिमीटरने खाली गेलं की पकड तेवढीच मागे सरकते. पकड मागे सरकली की टोपण तेवढं पुढे जातं. टोपण अस्पर्श, पकड अस्पर्श, अंगठी कायम. पेन पुसायला उघडलं तरी घासलेली जागा दिसत नाही, कारण ती दोन भागांच्या मधे दाबलेली आहे. दागिन्याला डाग कुठे द्यावा हे जाणणारा सोनार जसा पदकाच्या मागेही देत नाही, कडीच्या आत देतो, तशी ती निवड होती.

काम अर्ध्या तासाचं होतं. आरशाची जुनी काच टेबलावर, तिच्यावर १५०० नंबरचा पॉलिशपेपर, त्यावर पाण्याचे चार थेंब. नीब, जीभ, पकड सगळं काढून नुसती नळी उभी धरून इंग्रजी आठच्या आकारात फिरवायची. दहा आठ झाले की नळी हातातल्या हातात पाव फेरा वळवायची, म्हणजे हाताचा कल एकाच बाजूला पडत नाही. हे वळवणं माझ्या लक्षात पहिल्यांदा आलं नाही. त्यांची बोटं ते गप्पा मारता मारता करत होती. तोंड तिरकं घासलं गेलं तर पकड नीट टेकणार नाही, आणि ड्रॉपरने भरायच्या पेनात तो सांधाच शाई अडवतो. खिशाला निळा नकाशा ठरलेला. दर चाळीस आठांनंतर कोरड्या फडक्याने पुसून मायक्रोमीटर लावायचे. एबोनाइट फार वेळ ओलं ठेवायचं नाही, नाहीतर ते विटतं. साडेसात शतांश मिलिमीटर झाल्यावर ते थांबले.

मी विचारलं, “आठ का नाही?”

“एक अंश ठेवलाय. आटे नवीन आहेत. वापरून बसतील, तसं टोपण अजून जरा पुढे जाईल. आज अगदी बरोबर केलं तर दोन वर्षांनी पलीकडे जाईल.” आणि मग, पकड लावत, “मागे आणणं अवघड असतं.”

खरंच अवघड असतं. पलीकडे गेलेलं टोपण मागे आणायचं तर भर घालावी लागते: पातळ चकती बसवा, नाहीतर लाखेचा थर द्या. लाख बरी, कारण ती उबेने मऊ होते आणि पुढच्या माणसाला काढता येते. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जुळवलेली नक्षी मी पाहिली आहे. जुळली होती, पण ते पेन पुन्हा कधी उघडलं नाही.

इथे गोष्ट संपेल असं मला वाटलं होतं. काकांनी नीब लावलं, टोपण लावून शीर बघितली. ती जुळली होती. टोपण काढून नीब बघितलं, तर ते भलतीकडे बघत होतं. आधी क्लिप, शीर आणि नीबची चीर तिन्ही एका रेषेत होती. आता नीब २७ अंशांनी वळलेलं. कारण पकडीचे आटे एका तोंडाचे, पाऊण मिलिमीटर अंतराचे, ०.०७५ मिलिमीटर मागे जायला पकड ३६ अंश जास्त फिरली. त्याच दिशेने टोपण आणि क्लिपही ९ अंश पुढे गेली होती. फरक २७. हा हिशेब मी घरी येऊन कागदावर केला. काकांनी तो केला की नाही ठाऊक नाही. त्यांनी रबराच्या तुकड्यात नीब आणि जीभ एकत्र धरली, ओढून काढली, किंचित वळवून पुन्हा बसवली आणि एकाच प्रयत्नात चीर क्लिपच्या रेषेत आली. एकीकडे ओढलेला दोरा दुसरीकडे कुठे आवळला जाईल हे आधीपासून माहीत असलेल्या माणसाचा तो हात होता. नंतर आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट, पोटात शाई, आणि पेन रात्रभर टीपकागदावर उलटं उभं. सकाळी टीपकागद कोरा.

एक गोष्ट काकांनी सहज सांगितली ती अजून डोक्यात घोळते. भिंगाखाली त्यांनी शिरेचा तिरकेपणा मापला होता: दहाला एक, म्हणजे दहा मिलिमीटर पुढे जाताना एक मिलिमीटर बाजूला. मधले १२ मिलिमीटर झाकलेले. बारा दशांश, म्हणजे सव्वा मिलिमीटरला जेमतेम कमी. बरोबर तेवढीच शीर चुकत होती! म्हणजे मूळ कारागिराने चूक केलेलीच नव्हती. कांडीत टोपण आणि नळी ज्या कोनात होती, तोच कोन त्याने अंशाअंशाने सांभाळला होता. झाकलेल्या १२ मिलिमीटरमध्ये शीर खरोखरच तेवढी सरकली होती. ती तशी दिसणं हेच खरं होतं. आम्ही जे जुळवलं ते कांडीत कधीच नव्हतं. बाजूचा पुरावाही आहे: पेनाच्या मागच्या अंगाला एक हिरवी लाट उभी सरळ धावते, ती आधी बिनचूक जुळत होती. आता ती एक मिलिमीटरने चुकते. क्लिपची बाजू म्हणजे पेनाचं तोंड, म्हणून तिचा कौल मानायचा आणि पाठीकडे कानाडोळा करायचा, हा निर्णय होता आणि मला तो पटतो. पण दक्षिणेतल्या त्या अनोळखी कारागिराला मी वर्षभर मनात जे बोललो होतो, ते परत घेतलं आहे.

बिलावर काकांनी एकच ओळ लिहिली: ‘टोपण बसवले.’ दीड वर्ष झालं. पेन रोज उघडतं, रोज मिटतं. नुसत्या डोळ्यांना शीर अखंड दिसते. भिंग लावलं तर ती अजून केसभर उजवीकडे आहे.